शिफ्ट-एंटर सर

आजकाल प्रत्येक विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात एक तरी शिफ्ट-एंटर सर असतात. नाव अर्थातच मुलांनी पाडलेलं. ज्युपिटर नोटबुक या संगणकावरच्या वहीत कोडचा एक सेल, म्हणजे कप्पा, लिहायचा, शिफ्ट आणि एंटर एकदम दाबायचं आणि खुर्चीत रेलून आलेखाची वाट बघायची, ही सरांची शिकवण्याची रीत. लिफ्टमध्ये मजल्याचं बटण दाबतानाही त्यांचा दुसरा हात शिफ्ट शोधत असतो.

वर्गात मात्र त्यांना तोड नाही. साध्या लंबकाचा तास घ्या. झोका केवढा घेतला याच्याशी आवर्तकालाचा काही संबंध नाही, असं पुस्तकातलं सूत्र सांगतं. आमच्या पिढीने ते घोकलं, मार्क घेतले आणि विषय मिटवला. सर पडद्यावर एक स्लायडर ठेवतात आणि पुढच्या बाकावरच्या पोराला म्हणतात, "ओढ रे." ५ अंश, १० अंश, सूत्राची रेघ आणि खऱ्या लंबकाची रेघ एकमेकींवर. ६० अंशांवर खरा लंबक रेंगाळायला लागतो. आवर्तकाल सूत्रापेक्षा सुमारे ७ टक्के जास्त भरतो. "म्हणजे पुस्तक चुकलं?" मागून आवाज येतो. सरांनी अख्खा तास याच प्रश्नासाठी रचलेला असतो. लगेच नवा सेल, नवं समीकरण, लाल अक्षरांत एरर. "सर, कंस राहिला!" मुलंच ओरडतात. तास संपला तरी कुणी उठत नाही.

दर सत्राला एकदा सर नोटबुकाचं माहात्म्य सांगतात. फर्नांडो पेरेझ या पोराने २००१ मध्ये कोलोराडोत पीएचडी करता करता, प्रबंध लिहायचा कंटाळा म्हणून आयपायथन लिहायला घेतलं. हा तपशील संशोधक विद्यार्थ्यांना फार धीर देतो. त्यातूनच पुढे २०१४ मध्ये ज्युपिटर आलं. ज्युलिया, पायथन आणि आर या संगणकी भाषांवरून त्याचं नाव जुळवलं, आणि गॅलिलिओने १६१० मध्ये गुरूच्या, म्हणजे ज्युपिटरच्या, चंद्रांच्या ज्या नोंदी ठेवल्या त्यांनाही त्यात मान दिला. "गॅलिलिओचीसुद्धा वहीच होती," सर छाती फुगवून म्हणतात. गॅलिलिओने नोंदी तारीखवार केल्या होत्या, एवढं सांगायचं मात्र राहून जातं.

कारण सरांचं स्वतःचं संशोधनाचं नोटबुक उघडलं, की पहिल्या सेलवर चालवल्याच्या क्रमाचा आकडा ८७, त्याखाली १२, मग ५४, मग एकदम १३. सर सुचेल तसे वरखाली उड्या मारत सेल चालवतात. मधला एखादा सेल उडवूनही टाकतात, पण त्यातलं चल कर्नलच्या, म्हणजे मागे कोड चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, स्मृतीत जिवंत राहतं आणि त्याच्या जिवावर खालचे सगळे आलेख सुरेख येतात. म्हणून सर लॅपटॉप कधी बंद करत नाहीत. अग्निहोत्र्याने अग्नी राखावा तसा कर्नल राखतात. फाइलचं नाव 'अनटायटल्ड ३७'. तिच्याखाली 'फायनल', 'फायनल खरं' आणि 'हेच बघ'.

मग नियतकालिकाच्या परीक्षकाचं पत्र येतं: चौथ्या आकृतीतले अक्ष बदलून द्या. सर ती फाइल पीएचडीच्या विद्यार्थिनीला पाठवतात. ती वरपासून चालवते. तिसऱ्याच सेलला एरर: या नावाचं काही ठाऊक नाही.

"सर, चालत नाहीये."

"माझ्याकडे चालतंय की गं!"

या वाक्यावर त्यांचा निम्मा शोधनिबंध उभा आहे. बरं, हा आजार एकट्या सरांचा नाही. २०१९ मध्ये काही संशोधकांनी गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावरची चौदा लाखांवर नोटबुकं गोळा केली. त्यांतली जेवढी चालवून बघता आली, त्यांपैकी साधारण २४ टक्केच एररशिवाय शेवटपर्यंत गेली. जुनंच उत्तर पुन्हा मिळालं ते जेमतेम ४ टक्क्यांत. विद्यार्थिनीने हे आकडे सरांना दाखवले. सर म्हणाले, "आपलं त्या चारांतलं आहे."

प्रात्यक्षिक परीक्षेच्या वेळी विद्यापीठ सूड घेतं. नियमाप्रमाणे जर्नल कागदावर लागतं, अनुक्रमणिका आणि सहीसकट. मुलं नोटबुकाच्या प्रिंट काढून फाइलला लावतात. स्लायडर कागदावर छान उमटतो. बाहेरून आलेले परीक्षक त्यावर बोट ठेवून विचारतात, "हे काय आहे?" मुलगा म्हणतो, "सर, हे ओढायचं असतं." सहा मार्क कापले जातात.

सरांना घाबरवू शकेल असा विभागात एकच माणूस, प्रयोगशाळेतले शिपाई मामा. प्रोजेक्टर अडो की संगणक, मामांचा सल्ला ठरलेला: "सर, एकदा बंद करून चालू करा ना." हे ऐकलं की सर लॅपटॉप छातीशी धरून केबिनमध्ये निघून जातात.

शिकायला असे सर मिळाले तर एकही तास बुडवू नका. पण त्यांच्या नोटबुकावर तुमचा प्रबंध टेकणार असेल, तर ते समोर बसलेले असतानाच कर्नल रीस्टार्ट करा आणि वरपासून खालपर्यंत चालवून घ्या. ते निवृत्त झाल्यावर नको.