धक्का खाणाऱ्याची कुळकथा

बंपर हा मोटारीचा मार खाण्यासाठीच जन्माला आलेला भाग. इंजिनाने ओढावे, चाकांनी पळावे, दिव्यांनी वाट दाखवावी आणि बंपरने मुकाट्याने धक्के सोसावेत, अशी मूळ वाटणी होती. सव्वाशे वर्षांच्या संशोधनानंतर हाच भाग इतका हळवा झाला आहे, की आता त्यालाच धक्क्यापासून जपावे लागते.

आरंभ फारसा शुभ नव्हता. आजच्या चेक प्रदेशातल्या नेसेल्सडॉर्फच्या कारखान्याने 1897 साली ‘प्रेसिडेंट’ नावाची मोटार बनवली आणि तिच्या पुढे बंपर लावला. व्हिएन्नाच्या वाटेवर तो थोड्याच अंतरात गळून पडला आणि कोणी परत बसवलाच नाही, असे सांगतात. पुढे इंग्लंडमध्ये फ्रेडरिक सिम्स यांनी हवा भरलेल्या रबराचा बंपर काढला. 1905 च्या सिम्स-वेलबेक गाडीला तो होता. कल्पना समंजस होती. बहुधा म्हणूनच ती मागे पडली आणि क्रोमचा चकचकीत मुलामा दिलेला लोखंडी पट्टा आला. त्यात मालकाला भांग पाडता येई.

1968 साली पाँटियाक कंपनीने जीटीओ गाडीला लवचिक, गाडीच्याच रंगाचा बंपर दिला आणि जाहिरातीत त्यावर घाव घालून दाखवले. रेनो 5 ही फ्रेंच गाडी 1972 मध्ये प्लास्टिकचे बंपर लावून आली. पुढची-मागची गाडी जरा ढकलून पार्किंगची जागा करून घेणाऱ्या पॅरिसकरांची त्यामुळे सोयच झाली.

मग अमेरिकी सरकारने यात लक्ष घातले. 1973 च्या मॉडेलांपासून नियम आला: ताशी 5 मैलांच्या वेगाने समोरून धडक बसली तरी दिवे, इंधनाची टाकी वगैरे शाबूत राहिले पाहिजेत. नियम रास्त होता, पण रूपाला बाधला. सडपातळ युरोपीय गाड्यांना अमेरिकेत शिरताना पुढे ओटा बांधल्यासारखे बंपर लावावे लागले. ब्रिटनच्या एमजीबी या स्पोर्ट्‌स कारला 1974 मध्ये काळे रबरी बंपर तर मिळालेच, शिवाय बंपरच्या उंचीचा अमेरिकी नियम पाळण्यासाठी सगळी गाडीच वर उचलली गेली आणि वळणावर ती पूर्वीपेक्षा जास्त कलू लागली. 1982 साली नियम अडीच मैलांवर उतरला.

आजच्या गाडीत दिसतो तो बंपर नसून त्याचे रंगवलेले प्लास्टिकचे कव्हर असते. धक्का सोसणारा फोम आणि धातूची आडवी पट्टी आत दडलेली असते. कव्हरवर सेन्सर बसतात, आणि सोसायटीच्या खांबाला निसटता स्पर्श झाला तरी प्रकरण डेंटिंग-पेंटिंगवरून इन्शुरन्स क्लेमपर्यंत जाते. यावर भारतीय तोडगा म्हणजे बंपरला लोखंडी गार्ड. रक्षकाला रक्षक मिळाला. पण हा गार्ड दबत नाही. धक्का थेट गाडीच्या सांगाड्याला पोचवतो, एअरबॅगच्या सेन्सरांचा अंदाज चुकवू शकतो आणि पादचाऱ्याला तर मुळीच दया दाखवत नाही. डिसेंबर 2017 मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना अशा गार्डांवर कारवाई करायला सांगितले. तेव्हापासून बंपरच्या कोपऱ्यांना रबराचे तुकडे चिकटवण्यावर समाधान आहे. म्हणजे सिम्स साहेबांचे रबर परतले, फक्त हवेविना.

धक्के सोसणाऱ्या बंपरच्या मानाने ओझे वाहणाऱ्या टपावरच्या कॅरिअरची गोष्ट साधी आहे. जुन्या गाड्यांच्या छताला पावसाच्या पाण्यासाठी पन्हळ असे. तिला पकडी आवळल्या की कॅरिअर तयार. मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सीने त्यावर ट्रंका आणि वळकट्या वाहिल्या. स्वीडनची थूले कंपनी 1942 साली मासे पकडायच्या सापळ्यांपासून सुरू झाली आणि पुढे कॅरिअरमध्येच रमली. हवेचा अडथळा कमी करण्यासाठी 1980 च्या दशकात पन्हळी दिसेनाशा होऊ लागल्या, तेव्हा कॅरिअरवाल्यांना गाडीगणिक वेगळे पाय घडवावे लागले. आता अनेक गाड्यांच्या टपावर दोन चंदेरी दांड्या येतात. त्यांतल्या काहींवर सामान बांधू नये, असे गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. ते वाचायचे असते हे बहुतेकांना दोरी आवळून झाल्यावर कळते.