साठीनंतरचा रॉक

आमच्या कंधारात म्हाताऱ्या माणसानं वाद्याला हात लावला की आता भजन सुरू होणार, असं लोक धरूनच चालतात. आम्ही चौघा निवृत्तांनी रॉक बँड काढतोय म्हटल्यावर गल्लीतल्या एका वहिनींनी आधी कॅलेंडरात एकादशी शोधली. ती सापडेना, तेव्हा त्यांना काळजी वाटू लागली.

रॉक हे तरुणांचं संगीत आहे, ही अफवा कुणी उठवली कोण जाणे. रॉकला मुख्य लागते ती तक्रार. विशीतल्या पोराकडे तक्रारी असून असून किती? रिचार्ज संपला, तिनं मेसेज वाचून उत्तर दिलं नाही. आमच्याकडे गुडघे आहेत, रात्री-अपरात्री येणारा नळ आहे आणि पुण्याला गेलेली मुलं आहेत. शिवाय आपण जिवंत आहोत हे दर नोव्हेंबरात कागदोपत्री सिद्ध करावं लागतं. हयातीच्या दाखल्याइतका रॉकला शोभणारा विषय मला तरी ठाऊक नाही.

पेटीवर गुरुजी आहेत. शाळेत जन्मभर प्रार्थना वाजवल्यामुळं कुठलंही गाणं सुरू केलं तरी त्यांची बोटं शेवटी प्रार्थनेच्याच चालीवर येतात, आणि आम्ही सवयीनं हात जोडून उभे राहतो. ड्रमवर पखवाजवाले आबा. सप्त्यात रात्र रात्र वाजवलेला माणूस, पण ड्रमला पाय लावायला तयार होईना. "वाद्याला पाय लावू? पाप लागतंय की!" शेवटी तोडगा निघाला. आधी ढोलाच्या पाया पडायचं, मग पायानं ठोकायचं. ट्रम्पेटवर बँडमास्तर. एके काळी मन्याड खोऱ्यातली वरात त्यांच्यावाचून हलत नसे. मग डीजे आला आणि मास्तर घरी बसले. त्यांची अट एकच: डीजेच्या विरोधात असेल तर काहीही वाजवतो. गिटार माझी. नांदेडला कॉलेजात असताना घेतलेली आणि लग्नानंतर माळ्यावर पाठवलेली.

नातू म्हणाला, "आजोबा, लोक हसतील." मी त्याला सरळ इतिहासच सांगितला. मुंबईत १९८४ साली 'रॉक मशीन' नावाचा बँड निघाला. पुढं त्याचं नाव 'इंडस क्रीड' झालं, १९९७ साली तो मोडला आणि २०१० साली उदय बेनेगल, महेश तिनईकर वगैरे मंडळी पुन्हा जमली. अमेरिकेत नॉर्थॅम्प्टन गावात १९८२ पासून 'यंग ॲट हार्ट' नावाचा ज्येष्ठांचा गायकवृंद आहे. त्यातल्या नव्वदी ओलांडलेल्या आयलीन हॉल बाई पंक बँडचं गाणं म्हणायच्या. इंग्लंडात २००७ साली 'झिमर्स' नावाचा म्हाताऱ्यांचा बँड झाला. 'झिमर' म्हणजे म्हातारपणी धरून चालायची चौकट. त्यांचा मुख्य गायक नव्वद वर्षांचा होता. मिक जॅगर तर १९४३ चा, आणि अजून स्टेजवर पळतो. नातवानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यांचे गुडघे कसे आहेत?"

परदेशात कशाला जायचं? आमच्या गावचे भाई केशवराव धोंडगे शंभरी ओलांडून २०२३ च्या १ जानेवारीला गेले. आमदारकी, खासदारकी सगळं झालं, पण आवाज कधी खाली आला नाही. त्यांच्या हातात गिटार नव्हती, एवढाच काय तो फरक.

तालमीची जागा हा मोठा प्रश्न होता. आमच्या घरी पहिला सूर लागला आणि आतून आवाज आला, "काय करूलालाव हे म्हातारपणी? शेजारची म्हैस दूध देईना झाली!" मास्तरांनी गावचा किल्ला सुचवला. राष्ट्रकूटांच्या काळापासूनचा भुईकोट, भोवती खंदक. श्रोत्यांपासून कलावंताचं इतकं चोख रक्षण करणारं सभागृह मराठवाड्यात दुसरं नसेल. पण एवढी शतकं टिकलेली भिंत आमच्या ॲम्प्लिफायरनं पडायला नको, म्हणून खताच्या गोदामावर भागवलं. तिथं श्रोते म्हणजे युरियाची पोती. ती उठून जात नाहीत.

तालीम संध्याकाळी चार ते साडेसहा. पुढं जेवणाआधीच्या गोळ्या असतात. मध्येच लाइट गेली तर मी आणि माझी गिटार गप्प होतो. बाकीचे वाजवतच राहतात आणि त्यांना फरक जाणवत नाही. गुरुजींना उजव्या कानानं कमी ऐकू येतं, आबांना डाव्या. दोघांना मधोमध शेजारी बसवलं की तालही जमतो आणि भांडणही होत नाही, कारण एकाचं बोलणं दुसऱ्याला कळत नाही. तरुण बँड मोडतात ते नेमके इथंच. त्यांना एकमेकांचं स्पष्ट ऐकू येतं.

तेव्हा माझं मत पक्कं झालं आहे: रॉक साठीनंतरच करावा. वेळ असतो, तक्रार असते, करिअरची काळजी नसते आणि लोक काय म्हणतात ते नीट ऐकू येत नाही.

बेस गिटारची जागा रिकामी आहे. वय साठच्या पुढं हवं, तक्रार स्वतःची हवी, गोळ्यांचा डबा आपापला आणावा. इच्छुकांनी चारच्या सुमारास गोदामावर यावं. दार जोरात वाजवा.