दाटी नको!

निवृत्त झालेला मराठी माणूस स्वयंपाकघरात शिरला की पोहे करत नाही. पोहे बायकोला येतात, म्हणजे तिथे ती चूक काढू शकते. तो असा पदार्थ धरतो, की ज्यात बोलायची घरात कोणाचीच प्राज्ञा नसावी. कोणी पाव भाजतं, कोणी चीज लावतं. दिल्लीजवळच्या वैशालीत राहणाऱ्या आमच्या अप्पांनी ब्रसेल्स स्प्राउट्स धरले.

आता दिल्लीची थंडी म्हणजे भाज्यांची दिवाळी. ठेल्यावर लाल गाजरं, कोवळे मटार, मेथी, मुळे, सरसों यांची अशी रेलचेल, की पुण्याहून आलेला पाहुणा पिशवी शोधू लागतो. अप्पा त्या ठेल्याकडे बघतही नाहीत. ते मेट्रो पकडतात, राजीव चौकला गाडी बदलतात, आयएनए मार्केटात उतरतात आणि लिंबाएवढे हिरवे गड्डे परदेशी भाजीच्या भावानं घेऊन येतात. रविवारी सगळं कुटुंब जेवायला जमलं, की ओटीजी पेटतो.

कृती चार ओळींची आहे. अप्पांना ती सांगायला पाऊण तास लागतो. गड्डा उभा अर्धा कापायचा, तेल-मीठ चोळायचं, २०० अंशांवर तापलेल्या ट्रेमध्ये कापलेली बाजू खाली ठेवायची. आणि दोन गड्ड्यांमध्ये बोटभर जागा सोडायची. इथे अप्पांचा आवाज चढतो. "दाटी नको! दाटी केली की वाफ धरते. वाफ धरली की भाजी भाजत नाही, उकडते. उकडली की गंधकाचा वास सुटतो." यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे, हीच तर अडचण.

कारण हे तत्त्व ट्रेमध्ये राहिलं असतं तर कोणाची तक्रार नव्हती. पण फ्रिजमध्ये डबे एकमेकांना टेकलेले अप्पांना चालत नाहीत, वाफ धरते. सोफ्यावर तिसरा माणूस बसला की चालत नाही. मराठी मंडळाच्या गणपतीत त्यांच्याकडे खुर्च्या मांडायचं काम आलं, तर त्यांनी त्या इतक्या ऐसपैस मांडल्या की निम्म्या मंडळींनी नाटक उभ्यानं पाहिलं. संध्याकाळी सहाला राजीव चौकच्या फलाटावर अंगावर येणाऱ्या लोंढ्याला त्यांनी हात वर करून "भीड मत करो, भाप बन जाएगी" असं बजावलेलं मी या कानांनी ऐकलंय. मागचा एक जण आदबीनं म्हणाला, "अंकलजी, बन चुकी है." आणि ढकललं त्यांना डब्यात.

नात तर पक्की तयार झाली आहे. आजोबा पापा घ्यायला वाकले की ती हात आडवा धरते, "अप्पा, वाफ!"

भाजी टेबलावर आली की व्याख्यान येतं. कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, नवलकोल आणि हे गड्डे, सगळी एकाच जातीची वनस्पती. फक्त माणसानं कुणाचं पान वाढवलं, कुणाचं फूल, कुणाचा दांडा. हे गड्डे उंच दांड्याला, पानांच्या बेचक्यांत लगडतात. (दांड्यावर ते एकमेकांना खेटून, भयंकर दाटीनं उगवतात. हे अप्पांना कोणी सांगू नये.) थंडी पडली की त्यांना गोडी येते. आपल्याकडे कुल्लू खोऱ्यात, कटराईनला, पुसाच्या कृषी संशोधन संस्थेचं केंद्र आहे, तिथे अशा थंड हवेच्या भाज्यांवर काम चालतं. कडूपणाचं मूळ नेदरलंड्समधल्या संशोधकांनी १९९०च्या दशकात शोधलं, सिनिग्रिन आणि प्रोगोइट्रिन. मग जुन्या, कमी कडू जाती हुडकून नवं बियाणं केलं. "म्हणजे आता कडू नाहीत," असं म्हणून अप्पा सगळ्यांच्या तोंडाकडे पाहतात. सगळे वरणाकडे पाहतात.

राजौरी गार्डनचे व्याही मनानं मोठे. "भाईसाब, बहुत बढ़िया. बस थोड़ा पनीर डाल देते," एवढंच म्हणतात. काकू, म्हणजे अप्पांच्या सौ., काही म्हणत नाहीत. अप्पा हात धुवायला गेले की त्या कढल्यात मोहरी, हिंग, हिरवी मिरची तडतडवून भाजीवर ओततात आणि वर खोबरं भुरभुरवतात. मग ट्रे दोन मिनिटांत रिकामा होतो. अप्पा परत येऊन म्हणतात, "पाहिलंत? अंतर ठेवल्याचा परिणाम."

हेच गड्डे फोनवरून मागवले तर दहा मिनिटांत दारात येतात, हे सूनबाईंनी त्यांना दाखवूनही दिलं. अप्पा ऐकेनात. शेवटी एका शनिवारी मीच त्यांच्याबरोबर गेलो. खरेदी झाल्यावर ते मेट्रोकडे न वळता पिशवी घेऊन सरोजिनीनगरकडे चालू लागले. तिथल्या सरकारी क्वार्टरमध्ये ते वाढले. दोन खोल्या. झेलम एक्सप्रेसनं जम्मूला, नाहीतर हरिद्वारला निघालेला पुण्या-नाशिकचा प्रत्येक नातलग आधी त्यांच्याकडे उतरायचा; वैष्णोदेवीला जाताना एकदा आणि प्रसाद द्यायला परतताना एकदा. अप्पांनी शाळेचा सगळा अभ्यास पाहुण्यांच्या वळकट्यांवर बसून केला. स्वतःची अशी बोटभर जागा त्यांना पहिल्यांदा मिळाली ती वैशालीच्या फ्लॅटमध्ये, चाळिशी उलटल्यावर.

२०१६ साली केंद्रानं दक्षिण दिल्लीतल्या सात सरकारी वसाहतींचा पुनर्विकास मंजूर केला, त्यात सरोजिनीनगरही होतं. अप्पांचा ब्लॉक आता नाही. पत्र्याच्या कुंपणापाशी ते थोडा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "इथे रात्री पाणी प्यायला उठलं तरी कोणाच्या तरी पायावर पाय पडायचा." तक्रारीचा सूर लावायचा त्यांनी प्रयत्न केला, पण तो लागला नाही.

आता पाहुणे हॉटेलं घेतात. मुलगा गुरुग्रामला राहतो. तिथून वैशालीला यायचं म्हणजे अख्खी दिल्ली ओलांडायची, त्यामुळे रविवारचं जेवण हल्ली महिन्यातून एकदा, तेही धुकं आणि ट्रॅफिक राजी असेल तर. तीन खोल्यांत दोघं जण. ट्रेमध्ये गड्डे मोजके, आणि जागा हवी तेवढी.

तेव्हा वाचकहो, यंदा थंडीत उत्तरेकडे निघाला असाल, तर हॉटेल रद्द करा आणि मला कळवा. वैशालीला उतरायची सोय होईल. नातं कितीही लांबचं चालेल, माणसं कितीही असोत. फक्त जेवताना वरणाच्या आधी ट्रेमधल्या भाजीला हात घाला, आणि फोडणीबद्दल चकार शब्द काढू नका.