उष्णवायूचा उपासक

ज्या व्यसनांपायी मध्यमवर्गीय संसारातील चीजवस्तू नाहीशा होतात, त्यांत मद्य, द्यूत आणि सट्टा यांची दखल समाजसुधारकांनी कधीच घेतलेली आहे; परंतु डालड्याचा रिकामा डबा, भांडी घासण्याची तारेची घासणी, सायकलच्या चाकातील दोन आरे आणि थोरल्या भावाची इंजेक्शनची काचेची सिरिंज ज्याच्यामुळे एकाच सप्ताहात बेपत्ता होतात, त्या घरच्या घरी उष्णवायुयंत्र बांधणाऱ्या गृहस्थाविषयी मात्र कोणी अवाक्षर काढलेले नाही. हा मनुष्य बहुधा एखाद्या सरकारी खात्यातून सेवानिवृत्त झालेला असतो, उजव्या अंगठ्यावर डाख लावताना बसलेला चटका सनदेसारखा मिरवीत असतो, आणि पुण्यात राहत असल्यास रविवार-बुधवारचा जुना बाजार एकवेळ श्राद्ध चुकले तरी चुकवीत नाही.

यंत्राचे तत्त्व सांगायला सोपे आहे, आणि न विचारता तो ते सांगतोच. डब्यात हवा कोंडलेली. बूड स्पिरिटच्या दिव्यावर, माथ्यावर गार पाणी. आत घासणीचा एक सैल बोळा. बोळा वर गेला की हवा खाली येऊन तापते व फुगते, खाली आला की ती वर जाऊन निवते व आकसते, आणि या फुगण्या-आकसण्यावर सिरिंजचा दट्ट्या मागेपुढे होऊन चाक फिरवतो. बोळ्याने दट्ट्याच्या पाव फेरा पुढे राहावे, एवढीच अट. दट्ट्याला तेलाचा थेंबही वर्ज्य, कारण तेलाने तो चिकटतो; म्हणून शिसपेन्सिलीची पूड चोळावयाची, आणि त्यापायी नातवंडांना ऐन परीक्षेत बोटभर पेन्सिलीवर गुजराण करावी लागते. यंत्र सुरू करण्याच्या वेळी पंखा बंद, खिडक्या बंद, शक्य तर पाहुण्यांचा श्वासही बंद; आणि बोटाने चाकाला टिचकी मारल्यावर ते साडेतीन फेरे घेऊन थांबले की "घर्षण!" एवढा एकच उद्गार, सासऱ्यांचे नाव घ्यावे त्या स्वरात.

त्याला पूर्वजही आहेत. 1816 साली रॉबर्ट स्टर्लिंग या स्कॉटिश धर्मोपदेशकाने धर्मदीक्षा आणि या यंत्राचे पेटंट यांसाठी एकाच वर्षी हालचाल केली, हे तो अशा गांभीर्याने सांगतो की ऐकणाऱ्यास दोन्ही संस्कार एकाच पुरोहिताने केल्याचा भास व्हावा. वाफेचे बॉयलर फुटून माणसे मरतात, हवेचे यंत्र फार तर थांबते, हा त्याचा मुख्य मुद्दा. आणि ते थांबते याविषयी त्याच्या घरात दुमत नाही. डंडी येथील ओतशाळेत 1843 मध्ये बसविलेले स्टर्लिंगबंधूंचे मोठे यंत्र तापलेल्या सिलिंडरांनी दगा दिल्यामुळे चार वर्षांत बरखास्त झाले, हे कोणी काढल्यास "दोष लोखंडाचा, तत्त्वाचा नव्हे" असा खुलासा तयार असतो. हॉलंडातील फिलिप्स कंपनीने रेडिओसाठी असेच यंत्र सिद्ध केले, तोच ट्रान्झिस्टर आला आणि रेडिओची विजेची भूकच मावळली. यास तो नियतीचे कारस्थान समजतो. विजेपूर्वीच्या काळी या देशात रॉकेलच्या दिव्यावर चालणारे उष्णवायूचे पंखे होते, हा तर त्याचा हुकमी दस्तऐवज. वाऱ्यासाठी खोलीत दिवा पेटवून ती आधी तापवावी, ही कल्पना मला तरी थोडी सरकारी वाटते. परंतु त्याच्या समोर हे बोलण्याची सोय नाही.

हिशेबाच्या बाबतीत मात्र हा गृहस्थ निर्दोष असतो. खालचे तापमान 27 अंश आणि वरचे 327 अंश धरले, तर निरपेक्ष मापाने 300 आणि 600 होतात, म्हणजे कार्यक्षमतेची सैद्धांतिक मर्यादा 50 टक्के, आणि मोटारीच्या इंजिनाने एवढ्यापुढे मान खाली घालावी, असे तो सांगतो. "अहो, मग त्यावर माझे ताक तरी घुसळून द्या," असे आतून आले की तो अर्ज पुढील तारखेपर्यंत तहकूब करण्यात येतो. कारण ते यंत्र जेवढी शक्ती निर्माण करते, तेवढी सर्व स्वतःला फिरत ठेवण्यात खर्ची पडते.

झाग्रेबच्या ईव्हो कोलिन यांनी 1983 मध्ये अल्प तापमानभेदावर चालणारे यंत्र दाखविल्याचे वाचनात आल्यापासून हा पंथ अधिकच धोकादायक झाला आहे, कारण त्या वंशातले यंत्र आता नुसत्या तळहाताच्या उबेवर फिरते, आणि तळहात पाहुण्यांनाही असतात. माझ्या परिचयातील अशा एका गृहस्थाच्या घरी कन्येला पाहावयास मंडळी आली. पत्रिका जुळली होती, पगार पसंत होता, मुलगाही शालीन होता. तेवढ्यात भावी श्वशुरांनी यंत्र आणून त्याच्या पसरलेल्या हातावर ठेवले. भीतीने बर्फ झालेल्या त्या हातावर चाक हलेना. दिवाणखान्यात अशी शांतता पसरली की मुलाच्या मामांनी घड्याळाकडे पाहिले, आणि बहुधा बोलणी तेथेच मोडली असती, परंतु गृहिणींनी प्रसंगावधान राखून मुलाच्या हातात बशीविना कढत चहाचा कप दिला, तो संपेपर्यंत खाली ठेवू दिला नाही, आणि मग यजमानांना म्हणाल्या, "आता ठेवून बघा."