गुराख्यांच्या सिनेमात गुरं शोधताना

हॉलिवुडच्या गुराखीपटांत सगळं सापडतं, गुरं तेवढी शोधावी लागतात. 1930 च्या दशकात पुढे आलेला जीन ऑट्री गिटार घेऊन घोड्यावर बसायचा आणि गाता गाता गुंड पकडायचा. त्याच्या आचारसंहितेत पहिली गोळी झाडणं निषिद्ध होतं. पुढच्या पिढीने ती संहिताच गुंडाळून ठेवली. 1964 मध्ये सर्जिओ लिओनेने क्लिंट ईस्टवुडला स्पेनच्या माळरानावर उभं केलं: दाढीचे खुंट, तोंडात चिरूट आणि निष्ठा पैसे देईल त्याच्यावर. 1992 च्या ‘अनफरगिव्हन’मध्ये हाच ईस्टवुड डुकरं पाळतो, चिखलात पडतो, पत्र्याच्या डब्यावर गोळ्या झाडतो नि डबा जागचा हलत नाही. 2005 च्या ‘ब्रोकबॅक माउंटन’मध्ये नायकांच्या वाट्याला मेंढ्या आल्या. अखेर 2021 च्या ‘द पॉवर ऑफ द डॉग’मध्ये गुरं कळपाने दिसली, तर अमेरिकाच गायब, चित्रीकरण न्यूझीलंडमध्ये! त्यातला दांडगट गुराखी गोळीने मरत नाही, मेलेल्या गुराच्या कातड्यातून आलेल्या रोगाने जातो. इतक्या पिढ्या पडद्याबाहेर ठेवल्यावर जनावरांनी हिशेब चुकता केला, दुसरं काय!