कोर्टात एक, गल्ल्यावर दुसरं

देवास आणि धारमध्ये चोरून ई-सिगारेट विकणाऱ्या गृहस्थांस,

पत्राच्या माथ्यावर 'सप्रेम नमस्कार' लिहायची आमच्या घरची रीत आहे. तुमच्यासाठी ती मोडतो आहे.

माझ्या पुतण्याच्या दप्तरात आंब्याच्या वासाची, पेनाएवढी एक कांडी सापडली. मुलगा चौदा वर्षांचा. विचारलं तेव्हा म्हणाला, "काका, ही सिगारेट नाही. दुकानदार म्हणाला, हे सिगारेट सोडवायचं औषध आहे." या पोराने जन्मात सिगारेट ओढलेली नाही. मग मला सांगा, त्याचं तुम्ही काय सोडवत होता? आणि औषध होतं तर त्याला आंब्याचा वास कुणासाठी लावला होता? पन्नाशीच्या बिडीवाल्यासाठी?

औषध हा शब्द देवासात तरी जपून वापरा. १९४८ च्या सुरुवातीला गायक कुमार गंधर्व या गावात आले ते क्षयाने पोखरलेली छाती घेऊन, इथली कोरडी हवा मानवेल या आशेने. पुढची काही वर्षं गाणं बंद होतं. त्याच १९४८ साली ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीचे निष्कर्ष छापले. १०७ रोगी होते. कोणाला औषध आणि कोणाला नुसती विश्रांती, हे डॉक्टरांच्या मर्जीवर सोडलेलं नव्हतं. ते बंद पाकिटातून ठरत होतं. सहा महिन्यांत औषध घेतलेल्या ५५ पैकी ४ दगावले, न घेतलेल्या ५२ पैकी १४. औषध म्हणवून घ्यायचं तर आधी असा हिशेब द्यावा लागतो. पुढे तेच स्ट्रेप्टोमायसिन कुमारजींपर्यंत पोहोचलं आणि एका फुप्फुसाच्या बळावर ते १९९२ पर्यंत गायले. टेकडीच्या पायथ्याशी त्यांचं घर आहे. त्या गावात तुम्ही पोरांच्या छातीत काय भरता आहात, याचा हिशेब तुमच्याकडे आहे का?

तुमच्या धंद्याची खरी लबाडी मात्र दुकानात नाही, दिल्लीच्या न्यायालयात उघडी पडली. ऑगस्ट २०१८ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राज्यांना कळवलं की ही विक्री थांबवा. पाठोपाठ औषध नियंत्रकांचंही परिपत्रक निघालं. त्याविरुद्ध तुमच्यातले व्यापारी न्यायालयात गेले. त्यांचं म्हणणं काय होतं? आमचा माल औषध नाहीच, तेव्हा औषधाचा कायदा आम्हाला लागू होत नाही. मार्च २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने परिपत्रकाला स्थगिती दिली, कारण हा माल उपचारासाठी विकला जात नाही असं प्रथमदर्शनी दिसत होतं. न्यायाधीशांसमोर औषध नाही आणि चौदा वर्षांच्या पोरासमोर औषध! जिभेला हाड नसतं, पण इतकंही नसावं?

यात विचार करण्याजोगी एक बाजू आहे, ती मी दडपणार नाही. २०१९ मध्येच ब्रिटनमधल्या ८८६ धूम्रपान करणाऱ्यांवरची एक चाचणी प्रसिद्ध झाली. वर्षाअखेर ई-सिगारेट दिलेल्यांपैकी १८ टक्के लोकांची सिगारेट सुटली होती. निकोटिनच्या पट्ट्या, च्युइंगगम वगैरे दिलेल्यांत ९.९ टक्के लोकांची. हा फरक छोटा नाही. पण त्याच चाचणीतला दुसरा आकडा तुम्ही कधी सांगत नाही. ई-सिगारेटने सिगारेट सोडलेल्यांपैकी ८० टक्के लोक वर्षानंतरही ई-सिगारेट ओढतच होते. च्युइंगगम-पट्टीवाल्यांत असे ९ टक्के होते. जुन्या खुंट्यावरून सोडून नव्या खुंट्याला बांधलं, एवढंच.

तरीही मी म्हणतो, कोणाला हे औषध म्हणून आणायचं असेल तर खुशाल आणावं. चाचण्या द्याव्यात, मात्रा ठरवावी, परवाना घ्यावा. ब्रिटनने ते दार उघडून दिलं होतं. २०१५ मध्ये ब्रिटिश अमेरिकन टोबॅकोच्या ई-व्होक या ई-सिगारेटला तिथे रीतसर औषधाचा परवाना मिळाला. ती बाजारात आलीच नाही. औषध म्हणून विकायचं तर व्यसन संपावं लागतं, आणि व्यसन संपलं की गिऱ्हाईक संपतं. माझ्या मते सगळं इथेच अडतं. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून ही वस्तू फक्त औषधांच्या दुकानात ठेवली, साध्या वेष्टनात. तिथे आंबा नाही, बबलगम नाही.

एकच वस्तू औषधही असते आणि विषही, हे आम्हा माळव्याच्या लोकांना तुम्ही शिकवायला नको. एकोणिसाव्या शतकात इथली अफू मुंबईमार्गे चीनला गेली, आणि तिने तिथे काय केलं ते जगाला ठाऊक आहे. तीच अफू आज मंदसौर-नीमचच्या शेतात पिकते. पण शेतकऱ्याला आधी सरकारी पट्टा घ्यावा लागतो, शेत मोजून द्यावं लागतं, बोंडाला चीर देऊन काढलेला चीक सरकारी काट्यावर तोलून द्यावा लागतो. नीमचच्या कारखान्यात त्याचं मॉर्फिन होतं आणि कर्करोग्याच्या वेदना शमतात. दोन एकर रानातला शेतकरी थेंबाथेंबाचा हिशेब देतो. धार जिल्ह्यातल्या पीथमपुरात गोळ्या बनतात, तर प्रत्येक पाकिटावर बॅच नंबर, परवाना क्रमांक आणि मुदतीची तारीख छापावी लागते. तुमच्या कांडीवर मला यातलं काहीच सापडलं नाही.

तुम्ही म्हणाल, पानाच्या ठेल्यावर बिडी-सिगारेट उघड मिळते, तिकडे बोट दाखवा. दाखवतोच. २०१६-१७ च्या पाहणीत या देशातले २८.६ टक्के प्रौढ तंबाखूच्या आहारी गेलेले होते आणि त्याची लाज आम्हा सगळ्यांना वाटली पाहिजे. पण घरात एक साप शिरला म्हणून दुसऱ्यासाठी दार उघडं ठेवत नाहीत.

१८ सप्टेंबर २०१९ ला ई-सिगारेटवर बंदी घालणारा अध्यादेश आला, डिसेंबरात कायदा झाला. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा केलात तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. नुसता साठा ठेवला तरी गुन्हा आहे. ओढणाऱ्याला हा कायदा शिक्षा सांगत नाही, विकणाऱ्याला सांगतो, आणि ते योग्यच आहे. माझा पुतण्या गुन्हेगार नाही. तुम्ही आहात. तक्रार मी लेखी दिली आहे.

आता देवास-धारच्या आईवडिलांना सांगतो. मुलांची दप्तरं तपासा, पण मुलांना मारू नका; दुकान कोणतं ते विचारा आणि पोलिस ठाण्यात लिहून द्या. आणि ज्या कोणाला तंबाखू, बिडी, सिगारेट किंवा ही कांडी मनापासून सोडायची आहे, त्याने सरकारच्या १८००-११-२३५६ या क्रमांकावर फोन करावा. त्याला पैसे पडत नाहीत.