मेसमध्ये मासे मिळतात काय?

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा बारावीचा शेवटचा पेपर देऊन मालवणच्या घरी आला, दप्तर पडवीत टाकलं आणि आईला म्हणाला, "मी संगीत नाटकाचं शिक्षण घेणार." बहिणीच्या हातातला बांगडा तसाच सुटला आणि मांजराने नेला. मला लालबागला फोन आला तेव्हा तक्रारी दोन होत्या. बांगड्याची आधी आली.

"दादा, तू ये. तुका नाटकातला समाजता."

मला नाटकातलं समजतं याचा पुरावा इतकाच, की मंडळाच्या गणेशोत्सवात मी तीन वर्षं पडदा ओढला होता. पण मुंबईच्या चाकरमान्याला गावाने एकदा जाणकार ठरवलं की नाही म्हणायची सोय राहत नाही. आरक्षण करायला मी विसरलो होतो. त्यामुळे कोकणकन्येत रात्रभर स्वतःच्याच बॅगेवर बसून, सकाळी कुडाळला उतरलो तेव्हा माझी आकृती प्रश्नचिन्हासारखी झाली होती. तिथून एसटी. कंडक्टरने तिकिटाआधी "तुमी कोणाचे?" विचारलं, आणि कोणाचा, कशासाठी आलो, हे सगळं काढून घेतलं. मग पंच खिशात ठेवून म्हणाला, "नाटकाक कॉलेज? मगे आमच्या देवळात इतकी वर्सा काय चल्लला हा?"

मालवण येईपर्यंत अख्ख्या गाडीला विषय कळला होता आणि सात जणांनी सल्ला दिला होता. पाच जणांचा सल्ला हॉटेल मॅनेजमेंट.

भाच्याने तयारी मात्र केली होती. झेरॉक्सच्या दुकानातून त्याने एक तक्ता छापून आणला होता, तो जेवणाच्या टेबलावर मावेना म्हणून भुईवर पसरला. उभ्या ओळीत संस्था, आडवे बावीस रकाने. फी, वसतिगृह, जागा, ऑडिशनचे टप्पे, गायनाला तास किती, सभागृहाची आसनं किती. तेविसावा रकाना बहिणीने पेनाने जोडला होता: 'मेसमध्ये मासे मिळतात काय?'

पहिली ओळ दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाची. 1959 साली सुरू झालेलं, अल्काझींनी घडवलेलं, तीन वर्षांचा अभ्यासक्रम, वर विद्यावेतन. भावोजी प्रथमच पुढे सरकले. "म्हणजे पैसे तेच देतत?" पण मी चष्मा लावून खालची बारीक अक्षरं वाचली. अर्जदार पदवीधर हवा, शिवाय त्याने आधी किमान सहा नाट्यप्रयोगांत भाग घेतलेला हवा. भावोजी मागे सरकले. दुसरी ओळ मुंबई विद्यापीठाच्या नाट्य अकादमीची. वामन केंद्र्यांनी 2003 साली कलिन्यात उभी केली, आणि ते पुढे दिल्लीच्या विद्यालयाचे संचालक झाले, हे सगळं मी रुबाबात सांगितलं. तोही अभ्यासक्रम पदवीनंतरचा. बावीस रकाने भरायला भाच्याला आठ दिवस लागले होते. दोन ओळी पाच मिनिटांत गेल्या.

"आधी पात्रता वाचूची, मगे सभागृहाच्यो खुर्च्यो मोजूच्यो," असं भावोजी म्हणाले. एवढ्या सगळ्या सल्ल्यांत कामाचा निघाला तो हा एकच. नंतर मात्र त्यांनी आपला हुकमाचा पत्ता टाकला: "मच्छिंद्र कांबळी खयच्या कॉलेजात गेल्लो?" मालवण तालुक्यात हा प्रश्न विचारला की पुढे फक्त ताटं घ्यायची असतात. 'वस्त्रहरण'मधल्या तात्या सरपंचाने मालवणी बोली लंडनपर्यंत नेली. त्याच्याशी नातं नसलेला माणूस मला या तालुक्यात अजून भेटायचा आहे.

जेवताना न्यू जर्सीहून चुलत बहिणीचा व्हिडिओ कॉल आला. तिची मुलगीही याच वाटेवर आहे, फक्त तिकडे त्या वाटेला म्युझिकल थिएटर म्हणतात आणि त्यात रीतसर पदवी मिळते. पंधरा कॉलेजांना अर्ज. आधी घरूनच चित्रफीत पाठवायची: दोन वेगळ्या धाटणीची गाणी, एक स्वगत. त्यातून निवड झाली तर हिवाळ्यात न्यूयॉर्क, शिकागो असं फिरत प्रत्यक्ष ऑडिशन. गाणी पूर्ण नाहीत, मोजून तुकडा कापलेला, काही ठिकाणी जेमतेम सोळा आवर्तनांचा. आमची म्हातारी आई कोपऱ्यात कोकमं निवडत होती. ती म्हणाली, "म्हणजे गाणा पुरा म्हणूकच देनत नाय?"

तिचं आश्चर्य खरं होतं. तिने ऐकलेल्या संगीत नाटकांत एकेका पदाला तीन-तीन वन्समोअर घेतले जायचे, नायिका तोवर रुसलेलीच उभी. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात 'शाकुंतल' उभं केलं, तेव्हापासून मराठी माणसाने नाटकाला जाताना घड्याळ घरी ठेवलं. ते त्याला सापडलं सिनेमा आल्यावर. गंमत अशी, की भाच्याला हे वेड लागलं तेही सिनेमानेच. 2015 साली 'कट्यार काळजात घुसली' पडद्यावर आला तेव्हा तो आठ वर्षांचा होता. मूळ नाटक 1967 सालचं, दारव्हेकरांचं, संगीत अभिषेकीबुवांचं. यातलं काही त्याला ठाऊक नव्हतं. थिएटरातून बाहेर पडताना त्याने जी तान घेतली ती अजून संपलेली नाही, असं शेजारी म्हणतात.

उरल्या दोन ओळी, पणजी आणि पुणे. बहिणीचा कल उघड गोव्याकडे. तेविसावा रकाना तिथे डोळे मिटून भरता येत होता. वर तिने शास्त्राधार काढला: दीनानाथ मंगेशकर मंगेशीचे, अभिषेकीबुवाही मंगेशीचे, म्हणजे गळा पाण्यावर असतो. म्हणून आम्ही मामा-भाचे सावंतवाडी, बांद्यावरून पणजीला गेलो. कला अकादमी मांडवीच्या काठाला टेकून बसलेली. चार्ल्स कोरियांनी इमारत अशी बांधली आहे की आत कधी शिरलो ते कळत नाही. मोठ्या सभागृहाला दीनानाथांचंच नाव. भाचा हरखला. नाट्यविद्यालयाच्या कार्यालयाशी पोचलो तर कुलूप. मी संतापून दाराशी उभा राहिलो. भाच्याने मोबाईल दाखवला. रविवार होता. आयोजन माझं होतं, त्यामुळे संताप गिळून आम्ही मासे खाल्ले. परतताना गाडीतले बरेच सहप्रवासी पिशव्या मांडीवर विशेष जपून बसले होते. आमच्याच पिशवीत कागद होते.

पुण्याची अडचण वेगळी होती. विद्यापीठातलं ललित कला केंद्र 1987 पासूनचं, सतीश आळेकरांनी बरीच वर्षं सांभाळलेलं. बारावीनंतर प्रवेश मिळतो आणि संगीत, नृत्य, नाट्य तिन्ही एकाच आवारात. भाच्याला स्वर्गच. पण अर्जात तिन्हींपैकी एक निवडायचं. इथे पोरगं अडलं. गायन घेतलं तर नाटक राहतं, नाटक घेतलं तर गळा. बालगंधर्वांना कुणी असा अर्ज दिला असता तर त्यांनी तो सुवासिक अत्तर लावून परत केला असता. मला वाटतं, गाणारा नट ही आपली चीज होती आणि आपणच तिच्या दोन फायली केल्या. असो, हे विद्यापीठाला कळवायला मी कोण? पडदा ओढणारा.

दोन दिवस भाचा मालवणच्या रॉक गार्डनला जाऊन खडकावर उभा राहून ऑडिशनचं स्वगत घोकत होता. अठरा वर्षांच्या पोराने निवडलं काय, तर 'एकच प्याला'तला सुधाकर! समोर समुद्र, हातात रिकामा पेला, केस विस्कटलेले. पहिल्या दिवशी पर्यटकांनी त्याला कडेवरून मागे ओढला. दुसऱ्या दिवशी शहाळीवाला मला म्हणाला, "ह्यो मुंबयवालो सकाळीच पिऊन इलो हा. कोणाचो आसा?" मी म्हटलं, माहीत नाही.

शेवटी बहिणीने त्याला एका दशावतारी नाईकाकडे न्यायचं ठरवलं. हेतू असा, की जाणत्या माणसाने चार शब्द सुनावले की पोरगं हॉटेल मॅनेजमेंटला जाईल. हंगाम संपत आला होता, पावसाआधीचे शेवटचे प्रयोग. शेजारच्या गावी देवळात वर्धापनदिनाचा खेळ होता. आम्ही पोचलो तेव्हा नाईक पेटारा उघडून स्वतःच्या तोंडाला स्वतःच रंग लावत होते. साठीचा माणूस, अर्ध्या चेहऱ्याने राजा आणि अर्ध्याने शेतकरी. भाच्याने अदबीने आपली अडचण मांडली: गायन की नाट्य?

नाईकांनी आरशातूनच बघितलं. "गळो आनि त्वांड येकाच मानेर आसा ना तुझ्या?"

मग म्हणाले, गा. भाचा म्हणाला, माझी पट्टी काळी एक. पेटीवाल्याने काळी चार दाबली. नाईक म्हणाले, "पट्टी पेटयेची. लोक थय वडाखाली बसलेत, तेंका आयकाक जावक होया." भाचा ओरडत, फाटत, पण सुरात गायला. "बरा आसा. आमचो दूत आज येवक नाय. तीन वाजता तू दूत. राजाक सांगूचा, शत्रू वेशीर इलो. बाकीचा माका सोड." संहिता मागितली तेव्हा सगळा रंगपट हसला. दशावतारात संहिता नसते. आख्यान ठरतं, आणि बोलायचं ते उभ्या-उभ्या.

गणपती आला, ऋद्धी-सिद्धी आल्या, संकासुराने वेद चोरले आणि पहिल्या रांगेतल्या सरपंचाची टर उडवली, विष्णूने त्याला मारलं, आख्यान सुरू झालं. साऱ्या राज्यात नेपथ्य म्हणून एक लाकडी बाकडं. तेच सिंहासन, तेच अरण्य. तीन वाजले. झांज वाजली आणि भाचा आत आला. मुजरा केला. तोंड उघडलं. शत्रू कुठल्या कुठे गेला आणि दोन दिवस रॉक गार्डनवर घोकलेला सुधाकर धडाधडा बाहेर पडला. भर दरबारात दूत दारूवर बोलू लागला. माझ्या शेजारी बहिणीने पदर तोंडावर घेतला.

राजा क्षणभर बघत राहिला. मग बाकड्यावरून उठला, धीरगंभीर आवाजात म्हणाला, "प्रधानजी, घात झाला! शत्रू वेशीवर आला असून त्याने आमच्या दूतास मद्य पाजले. याला न्या, आणि कोकम सरबत द्या!"

देऊळ हलेल असा हशा. पेटीवाल्याने तेवढ्यात काळी चार धरली, आणि बाहेर नेता नेता भाच्याने त्याच पट्टीत एक तान घेतली, का ते त्यालाही माहीत नाही. वडाखालून वन्समोअर आला. राजाने मान डोलावली, प्रधानाने दूताला पुन्हा आत ढकललं.

पहाटे हंडी फुटली, दहीकाला वाटला. बहीण आशेने नाईकांसमोर उभी राहिली. ते तोंडाचा रंग खोबरेल तेलाने पुसत होते. "झील चुकलो, पण थांबाक नाय," ते म्हणाले. "तेका पुण्याक धाडा. हय पावसात सगळी लावणेक जातत, आणि लावणी तेका जमाची नाय."

अर्ज त्याच दिवशी भरला. विषय: नाट्य. गळ्याची व्यवस्था तो तिथल्या शेजारच्या वर्गाच्या खिडकीत बसून करणार आहे. 'पूर्वानुभव' या रकान्यात त्याने लिहिलं: दूत, एक प्रयोग, वन्समोअरसह. ऑडिशन जूनमध्ये आहे. तेविसावा रकाना पुण्यापुढे अजून रिकामा आहे, आणि बहीण सुके बांगडे डब्यात भरते आहे.